विचारणे, पाहणे आणि मोजणे : डिजिटल उत्पादनांच्या वापरकर्ता-संशोधन पद्धतींची चिकित्सा

सारांश

डिजिटल उत्पादनाची रचना करताना ते वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास करण्याच्या ज्या पद्धती पुण्यातील सॉफ्टवेअर व्यवसायात आणि डिझाइनच्या शिक्षणक्रमांत रूढ झाल्या आहेत, त्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. मुलाखत, उपयोगसुलभता चाचणी आणि वापराची यंत्राकडून होणारी नोंद या तिन्ही पद्धती विचारणारा आणि सांगणारा यांच्यातील अंतराविषयी काही गोष्टी गृहीत धरतात. ही गृहीतके आपल्या समाजात तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाहीत. ती तपासण्याची शिस्त पुणे परिसरातील क्षेत्रीय अभ्यासांच्या परंपरेत उपलब्ध आहे, असे प्रतिपादन हॅरॉल्ड मान व धनंजयराव गाडगीळ यांची सर्वेक्षणे आणि ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप यांच्या आधारे केले आहे.

बीजशब्द : वापरकर्ता-संशोधन, उपयोगसुलभता, क्षेत्रीय निरीक्षण, प्रतिसादातील कल, ई-पीक पाहणी

१. प्रस्तावना

एखादे अ‍ॅप अथवा संकेतस्थळ कोणासाठी आहे, तो माणूस ते कोठे, केव्हा आणि कोणाच्या मदतीने वापरतो, हे पद्धतशीरपणे जाणून घेण्याच्या कामाला सॉफ्टवेअर व्यवसायात ‘यूजर रिसर्च’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘वापरकर्ता-संशोधन’ ही संज्ञा योजली आहे. हा विषय वरकरणी संगणकशास्त्राचा किंवा व्यवस्थापनाचा वाटतो. परंतु त्याच्या बहुतेक पद्धती सामाजिक शास्त्रांकडून घेतलेल्या आहेत. मुलाखत व प्रश्नावली समाजशास्त्राची, निरीक्षण मानवशास्त्राचे, चाचणी प्रायोगिक मानसशास्त्राची आणि नमुनानिवड संख्याशास्त्राची. या पद्धती उचलल्या गेल्या, पण त्यांच्याबरोबर येणारी शिस्त पुष्कळदा मागेच राहिली, हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

हा आक्षेप केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. खाजगी कंपनीचे अ‍ॅप गैरसोयीचे असेल तर ग्राहक दुसरे अ‍ॅप घेतो. अकरावीचा प्रवेशअर्ज, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, पीकविमा किंवा सातबाऱ्यावरील पिकाची नोंद यांच्या बाबतीत असा पर्याय नागरिकापाशी नसतो. तेथे वापरकर्त्याविषयी झालेली चूक त्या उत्पादनाच्या खपात दिसत नाही. ती नागरिकाच्या पदरात पडते. म्हणून वापरकर्त्याला ‘जाणण्याचे’ दावे कोणत्या पुराव्यावर उभे आहेत, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२. पद्धतींचे मूळ आणि त्यांचे पुण्यातील आगमन

आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या पद्धतींची मांडणी प्रामुख्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. ह्यू बेयर व कॅरन होल्ट्झब्लाट यांनी वापरकर्त्याच्या कामाच्या जागी जाऊन चौकशी करण्याची पद्धत १९९८ च्या ग्रंथात विशद केली. अ‍ॅलन कूपर यांनी १९९९ मध्ये ‘परसोना’ म्हणजे प्रातिनिधिक काल्पनिक वापरकर्त्याची कल्पना पुढे आणली. त्याच वर्षी मानवकेंद्री रचनेविषयीचे आयएसओ १३४०७ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-२१० ने घेतली. पाच वापरकर्त्यांची चाचणी पुरेशी असते, हा जेकब नील्सन यांचा सुप्रसिद्ध लेख २००० सालचा. या मांडणीसमोर असलेला वापरकर्ता मुख्यतः युरोप-अमेरिकेतील होता : स्वतःच्या मेजावर स्वतःचा संगणक असलेला, आणि परक्या माणसासमोर एखादी वस्तू नापसंत आहे असे म्हणण्यास न कचरणारा.

पुण्यातील सॉफ्टवेअर व्यवसाय दीर्घकाळ परदेशी ग्राहकांच्या कामावर वाढला. संगणकप्रणाली येथे लिहिली जाई आणि तिचा वापरकर्ता समुद्रापलीकडे असे. साहजिकच वापरकर्ता-संशोधन हे तयार नमुन्यांच्या स्वरूपात आले. पुढे देशी बाजारपेठ व शासकीय सेवा यांसाठी उत्पादने घडू लागली, तेव्हा तेच नमुने हडपसर, खेड वा शिरूर येथील माणसांना लावले गेले. या विसंगतीची जाणीव अभ्यासकांना नव्हती असे नाही. मानवी कार्य आणि आंतरक्रियात्मक रचना या विषयावरील आयएफआयपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाची परिषद ७ व ८ ऑक्टोबर २००९ रोजी पुण्यातच भरली होती. सामाजिक, सांस्कृतिक व संघटनात्मक संदर्भातील उपयोगसुलभता हाच तिचा विषय होता आणि तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत पुण्याच्या सी-डॅकचे दिनेश कात्रे होते. चर्चा झाली, तरी व्यवहारातील नमुने फारसे बदलले नाहीत.

३. विचारणे : सौजन्याचा प्रश्न

मुलाखत ही सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वांत लोकप्रिय पद्धत आहे. तिचे गृहीतक असे की, माणसाला आपल्या अडचणी ठाऊक असतात आणि विचारल्यास तो त्या सांगतो. यांपैकी दुसरा भाग आपल्याकडे विशेष शंकास्पद आहे. निकोला डेल व सहकाऱ्यांनी बंगळूर येथे ४५० व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात सारख्याच असलेल्या दोन गोष्टींपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने तयार केली आहे असे समजल्यावर, उत्तरदात्यांनी ती पसंत करण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. मुलाखत घेणारा परदेशी व दुभाष्याच्या मदतीने बोलणारा असेल तर ते पाच पटींपर्यंत गेले. मुलाखतकाराची म्हणून सांगितलेली गोष्ट उघडउघड निकृष्ट असतानाही हा कल टिकून राहिला.

त्याआधी, २००६ मध्ये, रविकांत वत्रापू व मॅन्युएल पेरेझ-किनोनेस यांनी अमेरिकेतील भारतीय सहभागींचा अभ्यास केला होता. मुलाखत घेणारा भारतीय असताना सहभागींनी अधिक दोष दाखवले व अधिक सूचना केल्या. तो अमेरिकी असताना ते मोकळेपणाने बोलले नाहीत. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. उत्तर हे केवळ उत्पादनाविषयी नसते, ते विचारणाऱ्याविषयीही असते. ‘दहापैकी आठ वापरकर्त्यांना उत्पादन आवडले’ हे विधान, ते कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने विचारले हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

मराठीच्या बाबतीत यात भाषेचा एक पदर मिसळतो. नव्या पडद्याविषयी विचारले असता ‘चालेल’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ‘चालेल’ ही पसंती नव्हे. ती तडजोडीची तयारी आहे. ‘बघू’ हा विचार करण्याचा निर्धार नसून बहुतेक वेळा सभ्य नकार असतो. ‘तसं बरं आहे’ यातील ‘तसं’ हा शब्दच खरा अभिप्राय होय. मुलाखत मराठीत होते, तिचे टिपण इंग्रजीत लिहिले जाते आणि निर्णय त्या इंग्रजी टिपणावरून घेतला जातो. या प्रवासात ‘चालेल’चे समाधान होते आणि ‘बघू’चा होकार. मूळ उच्चार जपून न ठेवणारे वापरकर्ता-संशोधन आपल्या मुख्य पुराव्यालाच मुकते. भाषा-साहित्याच्या अध्यापकांना या क्षेत्रात काही सांगण्यासारखे आहे ते येथे.

४. चाचणी घेणे : नाट्य आणि नमुना

सौजन्याची ही भिंत ओलांडण्याचा एक कल्पक भारतीय प्रयत्न म्हणजे अपला लाहिरी चव्हाण यांची ‘बॉलिवूड पद्धती’. उपयोगसुलभता चाचणीत सहभागीला एखादे काम देऊन तो ते कसे करतो हे पाहिले जाते आणि मनात येईल ते मोठ्याने बोलण्यास सांगितले जाते. भारतीय सहभागी अशा वेळी संकोचतात, हे ध्यानात घेऊन चव्हाण यांनी चाचणीतील कामाला हिंदी चित्रपटाच्या कथानकाचे रूप दिले. सहभागीच्या भाचीचे लग्न ठरले आहे. तिचा नियोजित वर गुन्हेगारी टोळीतला असून आधीच विवाहित असल्याचे ऐन वेळी कळते. आता त्याच्या पत्नीला घेऊन तातडीने विमानाने पोहोचायचे आहे. तिकीट काढायचे ते या प्रसंगात. एरवी गप्प राहणारे सहभागी या कथेत शिरल्यावर संकेतस्थळाच्या दोषांवर मोकळेपणाने बोलू लागले, असा त्यांचा अनुभव.

या पद्धतीचे महत्त्व निर्विवाद आहे. पद्धत हीच संस्कृतिसापेक्ष असते, हे तिने कृतीने दाखवले. नाटकात बोलणाऱ्याला सौजन्य मोडल्याचा दोष लागत नाही, हे भारूड आणि तमाशा पाहिलेल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कल्पित संकटातील घाई ही खऱ्या घाईसारखी असतेच असे नाही. पैसे स्वतःचे नसतात, चुकीची किंमत मोजावी लागत नाही, आणि घरातील दुसऱ्या कोणाला विचारून निर्णय घेण्याची सवय त्या खोलीत प्रकट होत नाही. म्हणजे संकोच दूर होतो, पण त्याबरोबर प्रसंगातील खरे जोखीमपणही दूर होते.

चाचणीचा दुसरा प्रश्न संख्येचा आहे. नील्सन यांच्या गणितात एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो असे धरले आहे. त्यावरून पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात. वापरकर्त्यांचे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातून स्वतंत्रपणे माणसे घ्यावीत, हे नील्सन यांनी स्वतःच नमूद केले आहे. व्यवहारात हा अपवाद विसरला जातो आणि आकडा तेवढा लक्षात राहतो. कोथरूडमधील पाच पदवीधरांनी जे दोष दाखवले, ते येरवड्यातील भाजीविक्रेतीच्या किंवा जुन्नरच्या शेतकऱ्याच्या अडचणींचे ८५ टक्के आहेत, असा निष्कर्ष कोणतेही गणित देत नाही.

५. पाहणे : पुणे परिसरातील एक जुनी शिस्त

वापरकर्त्याच्या जागी जाऊन पाहण्याची पद्धत ही या क्षेत्रात नवी व आयात केलेली मानली जाते. पुण्यापुरते तरी हे खरे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह केलेला पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा त्यातील निष्कर्ष शेतीच्या अर्थशास्त्रात पुढे वारंवार उद्धृत झाला. तो निष्कर्ष शेतकऱ्यांना मत विचारून निघाला नव्हता. जुनी दप्तरे आणि प्रत्यक्ष जमीन यांचा मेळ घालून निघाला होता.

पद्धतीच्या दृष्टीने मान यांचे पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. पिंपळे सौदागर हे पुणे शहर आणि खडकी यांच्या सान्निध्यातील गाव. शहराच्या प्रभावामुळे त्यावरून दख्खनच्या कोरडवाहू गावांविषयी सरसकट बोलता येणार नाही, ही मर्यादा ओळखून त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचे जातेगाव बुद्रुक निवडले. तो अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेथील चित्र अधिक हलाखीचे निघाले. पहिल्या जागेचा कल ओळखून मुद्दाम विरुद्ध प्रकारची दुसरी जागा घेणे, ही शिस्त आजच्या अनेक वापरकर्ता-संशोधन अहवालांत आढळत नाही. आज तेच पिंपळे सौदागर हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या इमारतींनी भरलेले आहे.

दुसरे उदाहरण गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहरातील कुटुंबांचे नमुना सर्वेक्षण १९३६-३७ मध्ये झाले. त्याचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्याच शहराची पुनर्पाहणी करून सोवनी, आपटे व पेंडसे यांनी १९५६ मध्ये अहवाल दिला. माणसांचे वर्ग येथे मोजलेल्या कुटुंबांतून ठरले. कूपर यांच्या परसोनाचा उद्देश रचनाकारासमोर एक ठोस माणूस उभा करणे हा आहे, आणि तो योग्य आहे. पण ज्यामागे मोजणी नाही, असा परसोना हा रचनाकाराच्या ओळखीच्या माणसाचे चित्र बनतो. शिवाय पुनर्पाहणीची कल्पना, म्हणजे काही काळाने परत जाऊन आपलाच निष्कर्ष तपासणे, ही डिजिटल उत्पादनांच्या वेळापत्रकात क्वचितच बसते.

पाहण्याने काय साधते, याचे महाराष्ट्रातील आधुनिक उदाहरण वारणेचे आहे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणा सहकारी संकुलात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांना संगणक केंद्रांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. ऊसउत्पादकांना मुख्यतः ऊस व साखर कारखान्यासंबंधीची मोजकी माहिती हवी असते, हे पाहून त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर तीच व्यवस्था चालवून दाखवली. ती स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. ‘संगणक हवा का’ असे विचारले असते तर नकार क्वचितच मिळाला असता. संगणकाचे नेमके काय केले जाते हे पाहिल्यावर उत्तर निराळे आले.

६. मोजणे : नोंदीत कोण दिसतो?

गेल्या दीड दशकात वापरकर्ता-संशोधनाचा भर यंत्राने आपोआप केलेल्या नोंदींवर गेला आहे. कोणते बटण किती वेळा दाबले गेले, कोणत्या पडद्यावरून लोक परतले, दोन पर्यायी रचनांपैकी कोणती सरस ठरली, हे लाखो नोंदींवरून कळते. येथे सौजन्याचा अडसर नाही, हा मोठा लाभ आहे. पण या पद्धतीचेही एक गृहीतक आहे : एक उपकरण म्हणजे एक माणूस.

हे गृहीतक कसे कोसळते, याचा उत्तम दाखला ‘ई-पीक पाहणी’ या अ‍ॅपमध्ये मिळतो. पूर्वी तलाठ्याकडे असलेली पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतातून छायाचित्रासह करावी, अशी ही योजना १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली. १ ऑगस्ट २०२२ रोजी अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातील बदल वाचणे हा वापरकर्ता-संशोधनाचा धडाच आहे. एका मोबाइलवरून नोंदवता येणाऱ्या खातेदारांची मर्यादा २० वरून ५० करण्यात आली. केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय दिली गेली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. छायाचित्र त्या गटापासून दूर घेतले असल्यास सूचना मिळू लागली, आणि तलाठ्याने १० टक्के नोंदी तपासाव्यात असे ठरले.

या प्रत्येक बदलामागे वापरकर्त्याविषयीचे एक सत्य आहे. पन्नास खातेदारांची मर्यादा सांगते की, गावात फोन सामायिक असतो किंवा फोन चालवणारा मुलगा-पुतण्या अनेकांच्या नोंदी करतो. अठ्ठेचाळीस तासांची सवलत सांगते की, पहिल्या प्रयत्नात चुका होतात. तीन दुय्यम पिके सांगतात की, शेतात एकच पीक उभे असते ही कल्पना कागदावरची आहे. दुसरी आवृत्ती ही पहिल्या आवृत्तीची खरी समीक्षा होय. आणि ती अंमलबजावणीनंतर मिळाली, याची दखल घ्यावी लागते.

पुढे २०२४ च्या रब्बी हंगामापासून शेतकऱ्यांकडून राहिलेल्या नोंदी करण्यासाठी सहायकांची व्यवस्था राज्यभर झाली. व्यवहाराच्या दृष्टीने ती आवश्यक होती. संशोधनाच्या दृष्टीने मात्र सावध राहिले पाहिजे. पुतण्याने किंवा सायबर कॅफेवाल्याने भरलेला अर्ज यंत्राच्या नोंदीत ‘यशस्वी वापर’ म्हणून उमटतो. ज्याच्या नावाने तो भरला त्याने पडदा पाहिलेलाही नसतो. सहायकाची नोंद वेगळी ओळखता येत असली तरी, शेतकरी स्वतः का नोंदवू शकला नाही हे ती सांगत नाही. मध्यस्थाचे कौशल्य वापरकर्त्याच्या खाती जमा होते आणि अ‍ॅप सोपे असल्याचा पुरावा म्हणून पुढे येते.

याची किंमत किती असू शकते, हे २०२४ मध्ये दिसले. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये अर्थसाहाय्य देताना प्रारंभी ई-पीक पाहणीतील नोंद ही अट होती. ज्यांनी पीक घेतले पण ज्यांची नोंद अ‍ॅपमध्ये नव्हती, ते बाहेर राहिले. अखेर अट शिथिल करून सातबाऱ्यावरील नोंदीचा आधार घ्यावा लागला. शेतात पीक होते, नोंदीत शेतकरी नव्हता. केवळ नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या संशोधकाला हा शेतकरी कधीच दिसला नसता, कारण जो आलाच नाही त्याची नोंद यंत्र करत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून मुलाखत, चाचणी वा यांत्रिक नोंद यांपैकी कोणतीही पद्धत त्याज्य ठरत नाही. त्यांचा दोष पद्धत म्हणून नसून, आपल्या मर्यादेचा हिशेब न देता निष्कर्ष मांडण्यात आहे. त्या दृष्टीने चार अपेक्षा नोंदवता येतात. पहिली, प्रत्येक अहवालात कोणी, कोणत्या भाषेत व कोणत्या नात्याने विचारले हे नमूद असावे आणि उत्तराचे मूळ मराठी शब्द जपले जावेत. दुसरी, अभ्यासाच्या किमान दोन जागा परस्परविरुद्ध प्रकारच्या असाव्यात. मान यांनी जातेगाव निवडले ते याच कारणाने. तिसरी, वापराचा एकक उपकरण आहे की माणूस, आणि मध्ये मध्यस्थ आहे काय, हे स्पष्ट केले जावे. जे वापरापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचा शोध स्वतंत्रपणे घेतला जावा. चौथी, उत्पादन सुरू झाल्यावर ठरावीक काळाने पुनर्पाहणी व्हावी आणि पहिल्या निष्कर्षांतील कोणते चुकले हे प्रसिद्ध केले जावे.

या चारही अपेक्षा खर्चिक वाटतात, आणि व्यवसायाच्या वेळापत्रकात त्या बसत नाहीत असे सांगितले जाते. त्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांनी एखाद्या शासकीय अ‍ॅपचा दोन गावांत वर्षभर एकत्रित अभ्यास केला, तर कंपनीला न परवडणारे दीर्घ निरीक्षण शक्य होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असल्याने सहभागींची समजून घेऊन दिलेली संमती ही अशा अभ्यासाची पहिली पायरी असावी, हे ओघानेच आले. अशा अभ्यासातून उत्पादन सुधारेल की नाही हे उत्पादन करणाऱ्यांवर अवलंबून राहील. नोंदीबाहेर राहिलेल्या माणसाची नोंद मात्र त्यातून निश्चितपणे होईल, आणि अट लावण्यापूर्वी ती शासनापुढे ठेवता येईल.